समजलं की नुसतं वाटलं? आपला अभ्यास आपणच तपासायला मुलांना कसं शिकवायचं

वर्गात धडा संपला की आपण विचारतो, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात “हो” म्हणतो. घरी आई विचारते, “झाला का अभ्यास?” तिथेही “हो”च. मुलं खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटत असतं. धडा नजरेखालून गेला, शब्द ओळखीचे वाटले, फळ्यावरचं गणित बघताना कुठे अडलं नाही, एवढ्यावर मन ‘आलं आपल्याला’ असा निकाल देऊन मोकळं होतं. मग चाचणीत पान कोरं राहतं. घरचे म्हणतात, लक्ष नव्हतं. मूल रडवेलं होऊन म्हणतं, “पण मले येत होतं!”

आपल्याला काय येतं, काय येत नाही आणि नेमकं कुठे अडलं आहे, हे काम चालू असतानाच ओळखणं आणि त्याप्रमाणे पुढचं पाऊल बदलणं याला स्वनिरीक्षण म्हणतात. ही हुशारीसारखी जन्मजात मिळणारी गोष्ट नाही. पाढ्यांसारखी शिकवावी लागते आणि शिकवली की येते. ज्यांनी आजवर याचा वेगळा विचार केलेला नाही अशा पालकांसाठी, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि गावात संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेणाऱ्या ताई-दादांसाठी हे लिहितो आहे. मुलं तिसरीपासून दहावीपर्यंतची धरली आहेत.

मुलाला स्वतःहून का कळत नाही

एलेन मार्कमन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७७ साली एक साधा प्रयोग मांडला. पहिली ते तिसरीच्या मुलांना त्यांनी एका खेळाचे नियम सांगितले आणि एक जादू कशी करायची ते सांगितलं. सांगताना एक अत्यंत गरजेची गोष्ट मुद्दाम गाळली. ती नसेल तर खेळ खेळताच येणार नाही, अशी. पहिलीतल्या बहुतेक मुलांना काही राहून गेलंय हे लक्षातच आलं नाही. प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर त्यांना कळलं, की आपल्याला काहीच कळलेलं नाही. दोनच वर्षांनी जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञांनी आपल्याच विचारांवर लक्ष ठेवण्याच्या या क्षमतेवर लेख लिहिला आणि तेव्हापासून शिक्षणशास्त्रात या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली.

मार्कमनबाईंच्या प्रयोगातून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. ऐकताना किंवा वाचताना खोट दिसत नाही, करून पाहताना दिसते. पऱ्हाटीचंही, म्हणजे कपाशीच्या पिकाचंही, तसंच असतं. धुऱ्यावरून पाहिलं तर सगळं वावर हिरवंगार दिसतं. तासात शिरून दोन-चार हिरवी बोंडं फोडून पाहिल्याशिवाय आत गुलाबी अळी आहे की नाही ते कळत नाही. मुलाला अभ्यासातली बोंडं फोडून पाहायची सवय लावायची आहे. ती कधी, कुठे आणि कशी फोडायची, तेवढंच आता पुढे सांगतो.

सामान फार लागत नाही. एक जुनी वही, त्यातली मागची कोरी पानं चालतील. एक पेन्सिल. घड्याळ असलं तर बरं.

पायरी पहिली: बसण्याआधी एक ओळ

“इतिहास वाचतो” हा बेत नव्हे. तो कधी पुरा झाला हे कसं ठरवणार? मुलाने वहीत एक ओळ लिहायची: आज काय करणार आणि झालं हे कशावरून ओळखणार. उदाहरणार्थ, “शिवकाळाचा पाठ वाचणार. पुस्तक मिटून पुरंदरच्या तहातली तीन कलमं सांगता आली की झालं.” किंवा, “अपूर्णांकांच्या बेरजेची पाच गणितं. उत्तरं मागे न पाहता चार बरोबर आली की झालं.”

सुरुवातीला ही ओळ मोठ्याने विचारून काढून घ्यावी लागते. “आज काय करतं? अन् झालं हे कायच्यावरून समजन?” हा दुसरा प्रश्न सोडायचा नाही. सगळी करामत त्यातच आहे. पहिले काही दिवस मुलं “दोन पानं वाचीन” असंच सांगतील. पानं मोजणं सोपं असतं म्हणून ती तिकडे वळतात. पान वाचून झाल्यावर काय करून दाखवशील, असं विचारत राहायचं.

पायरी दुसरी: वाचताना थांबण्याच्या जागा

पूर्ण धडा एका दमात वाचणारं मूल पाहून आपल्याला बरं वाटतं. त्याने मध्ये थांबावं अशी माझी शिफारस आहे. प्रत्येक परिच्छेद संपला की बोट ठेवायचं, मान वर करायची आणि आत्ता काय वाचलं ते एका वाक्यात स्वतःच्या भाषेत बोलायचं. स्वतःच्या म्हणजे घरच्या भाषेत. वऱ्हाडीत बोलू द्या, झाडीबोलीत बोलू द्या, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या घरातलं मूल असेल तर त्या भाषेत बोलू द्या. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की मूल पुस्तकातलंच वाक्य परत म्हणतं, आणि पाठ झालेल्या वाक्याखाली न समजलेलं आरामात लपून बसतं. “मंग राजानं त्याले म्हटलं का हे काही आपल्याले मंजूर नाही” असं मूल म्हणालं, तर ते समजून वाचतं आहे. परीक्षेत लिहायची भाषा नंतर शिकवता येते.

बोलता आलं तर पेन्सिलने समासात बरोबरची खूण. अडखळलं तर प्रश्नचिन्ह. बस, दोनच खुणा. पाच रंगांचे पेन आणि दहा प्रकारच्या खुणा करून दिल्या की मूल रंगवण्यातच रमतं.

प्रश्नचिन्ह काढल्यावर पुढचा प्रश्न: कशाने अडलं? साधारण तीन कारणं निघतात. एखादा शब्दच माहीत नाही. शब्द माहीत आहेत, पण वाक्य लांबलचक असल्यामुळे कोण काय करतंय ते लागत नाही. किंवा आधीच्या धड्यातली, आधीच्या इयत्तेतली एखादी गोष्ट कच्ची राहिली आहे. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. शब्दासाठी पुस्तकामागची शब्दांची यादी किंवा कुणाला तरी विचारणं. वाक्यासाठी ते तुकडे करून सावकाश परत वाचणं. आधीचं कच्चं असेल तर मागे जाणं, मग ते दोन इयत्ता मागे का असेना. “समजत नाही” एवढंच म्हणणाऱ्या मुलाला मदत करणं अवघड असतं. “सर, छेद वेगळे असले की काय करायचं तेथूनच मले जमत नाही,” असं सांगणाऱ्या मुलाला पाच मिनिटांत पुढे नेता येतं. अडलेली जागा बोट ठेवून दाखवता येणं हे निम्मं काम आहे.

पायरी तिसरी: दोनदा ‘काहून?’

‘काहून’ म्हणजे ‘का’. विज्ञान-भूगोलासाठी ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून जरा थांबतो.

बाष्पीभवनाची व्याख्या सातवीचं मूल धडाधड म्हणतं. आता त्याला घरातला कूलर दाखवा. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात कूलरशिवाय दुपार निघत नाही.

“कूलरनं गार काहून लागते?”

“पाणी असते नं आतमंदी.”

“पाण्यानं हवा गार काहून होते?”

इथे बरीच मुलं थांबतात. थोडं खोदलं की सांगतात, गवताच्या जाळीतलं पाणी वाफ होऊन उडतं, वाफ व्हायला उष्णता लागते, ती उष्णता हवेतून जाते, म्हणून हवा गार होते. छान. आता तिसरा धक्का: “मग जुलै महिन्यात तोच कूलर, तेच पाणी, पण अंग चिकचिक करते अन् गार लागत नाही. थे काहून?” पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, त्यामुळे पाणी उडण्याचा वेग मंदावतो आणि हवा फारशी थंड होत नाही. ज्याला हे जोडता आलं त्याला बाष्पीभवन समजलं. ज्याला नाही आलं त्याला आज एक गोष्ट कळली: माझी व्याख्या पाठ आहे, कारण अजून पक्कं नाही. ही माहिती फुकट जात नाही. तीच उद्याच्या अभ्यासाची पहिली ओळ होते.

मूल एकटं बसलं असेल तर हे प्रश्न त्याने स्वतःलाच विचारायचे. कोणत्याही उत्तराला दोनदा ‘काहून’ लावून पाहायचं. पहिल्या ‘काहून’ला पुस्तकातलं वाक्य येतं, दुसऱ्याला आपली खरी समज येते. रोजच्या वापरातल्या गोष्टी कशा चालतात हे आपल्याला पक्कं माहीत आहे असं मोठ्या माणसांनाही वाटतं, आणि पायरीपायरीने समजावून सांगायला बसलं की तो विश्वास झपाट्याने उतरतो. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली हे प्रयोगाने दाखवलं आहे. तेव्हा मूल अडलं म्हणून तोंड वाकडं करू नका. त्या जागी आपणही अडलो असतो.

पायरी चौथी: गणिताचं उत्तर आधी अंदाजाने

गणितात मुलांची एक पक्की समजूत असते की उत्तर बरोबर आहे की चूक हे गुरुजी ठरवतात. ही समजूत मोडायची आहे.

पाचवी-सहावीचं एक गणित घ्या. कापसाचा भाव क्विंटलला ७,००० रुपये. ३ क्विंटल ४० किलो कापसाचे किती रुपये होतील? एक मूल ३४० किलो करतं, त्याला ७,००० ने गुणतं आणि २३,८०,००० असं उत्तर दणदणीत लिहून मोकळं होतं. गुणाकार अगदी बिनचूक. या मुलाच्या घरी दरवर्षी कापूस विकला जातो. साडेतीन क्विंटलला तेवीस लाख मिळत नाहीत हे त्याला चांगलं माहीत आहे. पण वहीतलं गणित आणि घरातला कापूस यांची त्याच्या डोक्यात गाठच पडत नाही.

गाठ घालून द्यायची ती अशी. गणित सोडवायच्या आधी अंदाज लिहायचा. ३ क्विंटलचे २१,०००. ४ क्विंटलचे २८,०००. आपलं उत्तर या दोहोंच्या मध्ये पाहिजे. मग सोडवायचं: २१,००० अधिक ४० किलोचे २,८००, म्हणजे २३,८००. अंदाजाच्या आत आलं. उत्तर अंदाजाबाहेर गेलं तर कुणी सांगण्याची वाट न पाहता मागे फिरायचं.

अपूर्णांकातही हेच. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहिणाऱ्या मुलाला नियम परत सांगण्याआधी विचारा, “अर्ध्या भाकरीत अजून थोडी भाकर घातली, अन् अर्ध्यापेक्षा कमी झाली?” २/५ हे अर्ध्याहून लहान आहे हे त्याचं त्यालाच दिसू द्या. ५/६ कसं येतं ते नंतर सांगता येईल.

लहान मुलांसाठी उलटी तपासणी. ५०२ वजा १७८ चं उत्तर एखादं मूल ४७६ लिहितं, कारण प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला. ४७६ मध्ये १७८ मिळवून पाहायला सांगा. ६५४ येतात. ५०२ आले नाहीत, म्हणजे कुठेतरी गडबड आहे. बरोबर उत्तर ३२४, आणि त्यात १७८ मिळवले की ५०२ परत येतात. वजाबाकी झाली की मिळवून पाहणं आणि भागाकार झाला की गुणून पाहणं हे तिसरी-चौथीपासून अंगवळणी पडलं पाहिजे. दोन मिनिटं जास्त जातात. जाऊ द्या. पाच गणितं न तपासता करण्यापेक्षा तीन तपासून केलेली बरी.

पायरी पाचवी: आज नाही, उद्या तपासा

रात्री धडा वाचून लगेच प्रश्न विचारले तर बहुतेक उत्तरं येतात. मूल खूश, आपणही खूश. ही तपासणी फसवी आहे. शब्द अजून कानात घुमत असतात, म्हणून येतं. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांना १९९१ मध्ये असं आढळलं, की शिकल्याबरोबर “हे मला आठवेल का” याचा अंदाज बांधला तर तो बराच चुकतो, आणि थोडा वेळ जाऊ देऊन बांधला तर फार नेमका येतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र वाचणं थांबवून आठवून पाहणारे पुढे गेले. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कुणाला होती? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

तेव्हा रात्री वाचलेलं सकाळी पुस्तक न उघडता आठवायचं. आपल्याकडे यासाठी वेळ शोधावा लागत नाही. शाळेला पायी जाताना, एसटीची वाट पाहताना, सुटीच्या दिवशी वावरात डबा घेऊन जाताना. दोन मैत्रिणी असतील तर एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. जे आठवलं नाही त्याच्यापुढे शाळेत पोचल्यावर प्रश्नचिन्ह. सकाळच्या शाळेच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, हे उलटं करावं: शाळेत शिकलेलं संध्याकाळी ऊन उतरल्यावर आठवायचं.

पायरी सहावी: अंदाज आणि निकाल शेजारी शेजारी

आठवड्यातून एकदा दहा गुणांची छोटी चाचणी घ्या. पाच प्रश्न, तोंडी घेतले तरी चालतील. सुरू करण्याआधी मुलाने वहीत लिहायचं: मला किती पडतील. चाचणी झाल्यावर शेजारी खरे गुण. आपण पाहायचा तो दोघांतला फरक. ८ म्हणून ४ मिळाले तर आपली मोजपट्टी ढिली आहे. ५ म्हणून ५ मिळाले तर मार्क कमी असले तरी मोजपट्टी नेमकी आहे, आणि त्याचं मोकळेपणाने कौतुक करा. शाबासकी नेमकेपणाला मिळते हे मुलांना कळलं की ती स्वतःशी खरं बोलायला लागतात.

फरक उलट्या बाजूनेही पडतो, आणि त्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. वर्गात अशी मुलं असतात, माझ्या पाहण्यात मुली जास्त, ज्या प्रत्येक वेळी “मले नाही येत” म्हणतात, ३ लिहितात आणि ८ मिळवतात. आपण त्यांना नम्र समजून सोडून देतो. त्यांचंही नुकसानच होतं. येत असलेलंच पुन्हा पुन्हा घोकण्यात त्यांचा वेळ जातो, आणि शिष्यवृत्ती किंवा नवोदयच्या परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली की त्या आपणहून मागे सरतात. अशा मुलीला तिच्याच वहीतले चार आठवड्यांचे आकडे उघडून दाखवा. आपण कितीही समजावलं तरी जे होत नाही ते तिच्या हातचे आकडे करतात.

चुकांची वही

प्रत्येक चूक लिहू नका. आठवड्याला तीन-चार पुरेत. प्रश्न काय होता, मी काय केलं, आणि चूक कोणत्या जातीची. पद्धतच माहीत नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की घाईत आकडा चुकला.

तिसऱ्या कारणाबद्दल सावध राहा. मुलांचं आणि पालकांचंही हे लाडकं कारण आहे: “येत होतं, घाईत चुकलं.” खरं-खोटं करायला सोपा मार्ग आहे. त्याच जातीचं, आकडे बदललेलं गणित लगेच द्या. बरोबर आलं तर घाई होती. परत तिथेच चुकलं तर पद्धत कच्ची आहे, आणि ‘घाई’ खोडून ‘पद्धत’ लिहायचं.

आई-वडील शिकलेले नसतील तर

याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण पुष्कळ आया “आमाले काय समजते त्यातलं” म्हणून बाजूला होतात. या कामाला उत्तर माहीत असण्याची गरज नाही. पऱ्हाटी वेचून आलेली आई चुलीजवळ बसून तीन प्रश्न विचारू शकते. “आज काय शिकला, मले समजावून सांग.” “कुठी अडलं?” “बरोबर आहे हे तुले कायच्यावरून वाटते?” तिला खरंच माहीत नसतं, म्हणून मुलाला नीट फोडून सांगावं लागतं. शिक्षकाला सांगताना मूल अर्धं गाळतं, कारण सरांना माहीतच आहे हे त्याला ठाऊक असतं. आईपुढे तसं गाळता येत नाही. ती “थांब, हे नाही समजलं, परत सांग” म्हणते, तिथे मुलाचं त्यालाच कळतं की इथे आपलीही गाडी अडते आहे.

अट एकच. “कुठी अडलं?” याचं उत्तर दिल्यावर मार नाही, टोमणा नाही, शेजारच्या पोराशी तुलना नाही. एकदा प्रश्नचिन्हावरून बोलणं बसलं की मूल प्रश्नचिन्ह काढणं बंद करतं. वही मग स्वच्छ दिसते आणि आपल्याला काहीच दिसेनासं होतं.

शिक्षकांसाठी थोडं

द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग असतात. तुम्ही तिसरीला शिकवत असताना चौथी काय करते, हा रोजचा प्रश्न आहे. स्वनिरीक्षण तिथे सगळ्यात उपयोगी पडतं. गणितं फळ्यावर द्या, उत्तरं एका कागदावर लिहून खिडकीजवळ उलटी ठेवा. मुलाने पाच गणितं करायची, प्रत्येकापुढे ‘खात्री आहे’ किंवा ‘शंका आहे’ लिहायचं, मग उठून उत्तरं पाहायची. तुम्ही मोकळे झालात की फक्त एका गोष्टीकडे बघा: खात्री होती आणि चुकलं, अशी गणितं कोणती? तिथे शिकवायची गरज आहे. शंका होती आणि चुकलं, तिथे मुलाला आधीच माहीत आहे की मदत हवी.

“समजलं का” विचारायचं असेल तर हाताची बोटं दाखवायला सांगा, डोळे मिटून: एक म्हणजे नाही, दोन म्हणजे थोडं, तीन म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकेन. मग लगेच एक छोटं गणित द्या आणि तीन बोटंवाल्यांच्या पाट्या पाहा. गणिताशिवाय नुसती बोटं मोजली तर तो पुन्हा एका सुरातला “हो”च झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याचं स्वयंमूल्यांकनही असावं असं म्हटलं आहे. वर्षाच्या शेवटी छापील रकान्यात हसरे चेहरे रंगवून ते होत नाही. मुलांना वर्षभर असा सराव असेल तरच त्या रकान्यात काही खरं उतरेल.

एक नोंद वेचणीच्या दिवसांची. दिवाळीच्या आगेमागे हजेरी घसरते, मुलं घरच्यांबरोबर वावरात असतात. परतलेल्या मुलाला “काय काय राहिलं ते कर” म्हणून सोडू नका. सुटलेल्या धड्यांची यादी आणि प्रत्येकाचे दोन प्रश्न द्या. ते सोडवून कोणते धडे खरंच शिकायचे आहेत हे त्यानेच ठरवू दे. काही गोष्टी त्याला भावंडांकडून कळलेल्या असतात. काही वावरात हिशेब करतानाच पक्क्या झालेल्या असतात.

पहिले काही आठवडे

सगळ्या पायऱ्या एकदम सुरू करू नका. शाळा उघडली की, म्हणजे आपल्याकडे जूनच्या शेवटी, पहिले दोन आठवडे फक्त बसण्याआधीची एक ओळ. ती सवयीची झाली की वाचताना थांबणं. गणिताचा अंदाज त्यानंतर. आठवड्याची चाचणी आणि अंदाजाचे गुण पोळ्याच्या सुमारास सुरू केले तरी उशीर झाला असं नाही. चुकांची वही पाचवीच्या पुढच्यांनाच द्यावी. तिसरी-चौथीच्या मुलांशी हे सगळं बोलण्यातून करावं, लिहिण्याचा भार त्यांना सोसत नाही. पहिली-दुसरीत तर मोठ्या माणसाने आपणच मोठ्याने विचार करून दाखवावा: “हां, इथे मी दोनदा मोजलं का? परत मोजून पाहू.” एवढं त्यांना पुरतं.

सुरुवातीला मूल कुरकुरेल, कारण अभ्यास हळू होतो. पूर्वी अर्ध्या तासात ‘झालेला’ धडा आता तासभर चालतो. दहावीच्या मुलाला हे विशेष टोचतं. त्याच्याशी भांडू नका. एकच विषय या पद्धतीने करू द्या आणि घटक चाचणीनंतर त्याचे आणि बाकीच्या विषयांचे गुण त्यालाच शेजारी ठेवून पाहू द्या.

आणि मदत कमी करत चला. आधी प्रश्न आपण विचारायचे, मग ते एका कागदावर लिहून भिंतीवर चिकटवायचे, मग कागद काढून टाकायचा. सातवीनंतर कुणी तालुक्याच्या शाळेत जातं, दहावीनंतर कुणी वसतिगृहात. तिथे चुलीजवळ बसून विचारणारं कुणी नसतं. त्यामुळे गाव सोडण्याच्या आदल्या वर्षी वही पाहायला मागू नका. महिन्यातून एकदा एवढंच विचारा, की या महिन्यात तुझा अंदाज कोणत्या विषयात चुकला आणि मग तू काय बदललं. या प्रश्नाला मुलाकडे नेमकं उत्तर असेल, तर तुमचं शिकवणं झालं.